बॉम्ब असावा, पण शेजारच्या घरी

समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणांसाठी एक अख्खा समास राखून ठेवला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून पढतमूर्खांसाठी आणखी एक लिहिला. लक्षणे दोन्हीकडे भरपूर आहेत. कौतुक मात्र एका ओळीचेही नाही. साडेतीनशे वर्षांची ही उणीव कोणीतरी भरून काढायला हवी होती. अडचण उदाहरणाची होती. घरचे उदाहरण घ्यावे तर कोणाच्या ना कोणाच्या भावना दुखावतात आणि लेखकावर माफीनामा छापायची पाळी येते. स्कॉटलंडचे तसे नाही. तो देश (देश की प्रांत, हाच तर तिथला वाद) लांब आहे, थंड आहे आणि मराठी वाचत नाही. शिवाय अण्वस्त्रे आणि स्वातंत्र्य या दोन गंभीर विषयांत एडिंबरोच्या आणि लंडनच्या मुत्सद्द्यांनी मिळून जे करून ठेवले आहे, त्याला पढतमूर्खपणाचा कळस म्हणावे की शहाणपणाचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तेव्हा स्तुती करणेच बरे.

आधी स्थळ पाहू. ग्लासगोपासून साधारण ४० किलोमीटरवर गेअर लॉख नावाची खाडी आहे. तिच्या काठी फॅसलेनचा नौदल तळ. ब्रिटनची सगळी अण्वस्त्रे या तळावरच्या ४ पाणबुड्यांच्या भरवशावर आहेत. त्यांची नावे व्हॅनगार्ड, व्हिक्टोरियस, व्हिजिलंट आणि व्हेन्जन्स. प्रत्येकीत ट्रायडेंट क्षेपणास्त्रांसाठी १६ नळ्या. बॉम्ब ठेवायची कोठारे मधला डोंगर ओलांडून पलीकडच्या खाडीवर, कूलपोर्टला. बॉम्ब तयार होतात ते मात्र लंडनच्या पश्चिमेला, बर्कशरमध्ये. तिथून ते ट्रकांच्या ताफ्यातून, सर्वांच्या रस्त्याने, दूध-भाजीच्या गाड्यांच्या मागेपुढे, देशाची सगळी लांबी कापत ग्लासगोजवळून कूलपोर्टला पोचतात. गुप्ततेचा याहून खुला नमुना माझ्या पाहण्यात नाही.

१९६९ पासून ब्रिटनची एक तरी अण्वस्त्रधारी पाणबुडी अहोरात्र समुद्रात असतेच. आधी पोलॅरिसवाली, १९९४ पासून ट्रायडेंटवाली. एक दिवस खंड नाही. त्याच १९९४ पासून ही क्षेपणास्त्रे कोणावरही रोखलेली नाहीत, आणि १९९८ च्या संरक्षण आढाव्याने असेही ठरवले की ती डागायची झाल्यास काही दिवसांची पूर्वसूचना असावी. म्हणजे डोळ्यांत तेल घालून, अखंड, कोणावरही न रोखलेले शस्त्र घेऊन बसायचे. आणि वेळ आलीच तर शत्रूला दोन-चार दिवस दम धरायला सांगायचे. युद्धशास्त्रात एवढी सभ्यता पूर्वी नव्हती.

पत्रांची गोष्ट तर सोन्याच्या अक्षरांत लिहावी अशी. नवा पंतप्रधान आला की पहिल्याच दिवसांत त्याला एकटे बसवून, त्याच्या हाताने, चारही पाणबुड्यांच्या कप्तानांना एकेक पत्र लिहायला लावतात. लंडन बेचिराख झाले, पंतप्रधान गेला, त्याचा वारसही गेला, तर काय करायचे ते त्यात असते. उलट मारा करा, करू नका, तुमच्या बुद्धीला पटेल ते करा, किंवा अमेरिकेच्या नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या हुकमतीखाली जा, असे पर्याय समोर ठेवतात म्हणे. पत्र पाणबुडीतल्या तिजोरीच्या आतल्या तिजोरीत जाते आणि पंतप्रधान पायउतार झाला की न वाचता नष्ट होते. ब्रिटन उरले आहे की नाही हे पाण्याखाली कळावे कसे? पीटर हेनेसी या इतिहासकारांनी नोंदवून ठेवले आहे की, बीबीसीचे रेडिओ ४ ऐकू येते का हे पाहणे ही त्यातली एक खूण आहे. नभोवाणीचे निवेदक आपल्या कामाला उगाच क्षुल्लक समजतात.

२०२२ साली ब्रिटनला एकाच वर्षात तीन पंतप्रधान लाभले. त्यांतल्या लिझ ट्रस ४९ दिवस टिकल्या; पाणबुडीची एक फेरी याहून कितीतरी लांबते. खोल समुद्रात असलेल्या त्या कप्तानाच्या तिजोरीत तेव्हा नेमके कोणाचे शेवटचे आदेश होते, असा प्रश्न सुसंस्कृत माणसाने विचारू नये.

या शस्त्राच्या गुणवत्तेविषयी काही कुजकी माणसे शंका घेतात. त्यांनी फेब्रुवारी २००९ आठवावा. व्हॅनगार्ड अटलांटिकमध्ये गुपचूप फिरत होती. फ्रान्सची ल त्रिओंफां ही पाणबुडीही तिथेच गुपचूप फिरत होती, तीही अण्वस्त्रांनिशी. दोघी इतक्या उत्तम बनावटीच्या आणि इतक्या शांत की एवढ्या अफाट महासागरात एकमेकींवर आपटेपर्यंत दोघींनाही पत्ता लागला नाही. फ्रेंचांनी आधी जाहीर केले की पाण्यात बहुधा एखादा मालवाहू कंटेनर आडवा आला असावा. मित्रराष्ट्रालासुद्धा आपण कंटेनर वाटावे, याला म्हणतात लपणे.

चाचण्यांचेही तेच. जून २०१६ मध्ये फ्लोरिडाजवळ सोडलेले क्षेपणास्त्र भलतीकडेच वळले. पुढच्याच महिन्यात नव्या पाणबुड्यांवर संसदेत मतदान होते, म्हणून खासदारांच्या मनावर हे ओझे कोणी टाकले नाही. बातमी फुटली जानेवारी २०१७ मध्ये. त्यानंतरची चाचणी ३० जानेवारी २०२४ ला. संरक्षणमंत्री ग्रँट शॅप्स जातीने पाणबुडीवर हजर होते. सुमारे १ कोटी ७० लाख पौंडांचे क्षेपणास्त्र पाण्यातून वर आले आणि जवळच पाण्यात पडले. मंत्र्यांनी संसदेला कळवले की आपला या शस्त्रावर पूर्ण विश्वास आहे. मला तर यात डावपेच दिसतो. ज्याचा नेम शत्रूला नाही असे शस्त्र अनेकांपाशी असते. ज्याचा नेम आपल्यालाही नाही असे एखाद्यालाच लाभते.

आता, एवढे मौल्यवान शस्त्र राजधानीपासून इतके दूर का? यामागे दूरदृष्टी आहे. डिसेंबर १९६२ मध्ये बहामा बेटांवर ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडून पोलॅरिस क्षेपणास्त्रे मिळवली आणि तळासाठी जागांचा शोध सुरू झाला. इंग्लंडच्या दक्षिणेला डेव्हनपोर्ट होते, पण त्याला लागून प्लिमथ शहर. वेल्समध्ये मिलफर्ड हेवन होते, पण तिथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना. अण्वस्त्र पूर्णपणे सुरक्षित असते. फक्त त्याच्याजवळ तेल आणि माणसे नसावीत एवढेच. फॅसलेनला पाणी खोल, वस्ती विरळ, आणि अमेरिकनांनी आपल्या पोलॅरिस पाणबुड्या १९६१ पासून शेजारच्याच होली लॉखमध्ये आणून ठेवलेल्या. ग्लासगोत सहाएक लाख माणसे राहतात खरी, पण ती लंडनहून दिसत नाहीत. शिवाजी जन्मावा पण शेजारच्या घरी, असे आपण म्हणतो. व्हाइटहॉलने, म्हणजे लंडनच्या सरकारने, ते न म्हणता करून दाखवले.

हा मुलूख जुन्या डंबार्टनशायरचा. पेशवाई बुडवणारा आपला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनही याच डंबार्टनशायरात जन्मला, ही गोष्ट मला योगायोग वाटत नाही. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. फौज आपल्या दारात, खर्च आपल्या गाठीचा, हुकूम दुसऱ्याचा. पुढे रेसिडेंट म्हणून पुण्यात बसून या व्यवस्थेची गोड फळे एल्फिन्स्टनने स्वतः काढली. आज तो गावी परतला तर त्याला मुळीच परके वाटणार नाही. किंबहुना आपल्या लोकांनी या कलेत केवढी प्रगती केली ते पाहून ऊर भरून येईल. कारण फॅसलेनची क्षेपणास्त्रे लंडनचीही नव्हेत. ती अमेरिकी बनावटीची, जॉर्जिया राज्यातल्या किंग्ज बेच्या सामायिक साठ्यातून येणारी आणि दुरुस्तीला तिथेच परत जाणारी. लंडनने वॉशिंग्टनची तैनाती फौज घेतली आणि ती ठेवायला एडिंबरोचे अंगण दिले. बाजीरावाला हे सुचले नाही. त्याला पोटभाडेकरू ठेवायची अक्कल असती तर बिठूरला जावे लागले नसते.

इथवर लंडनची बाजू झाली. स्कॉटिश राष्ट्रवाद्यांची स्तुती राहिली, तर मी पक्षपाती ठरेन.

स्कॉटिश नॅशनल पार्टीचे म्हणणे साधे आहे. अण्वस्त्र अनैतिक आहे, ते आमच्या भूमीवर एक दिवसही नको. याच पक्षाच्या ॲलेक्स सॅमंड यांच्या एडिंबरोतल्या सरकारने नोव्हेंबर २०१३ मध्ये स्वातंत्र्याची ६७० पानी श्वेतपत्रिका काढली. तिच्यात हा एक दिवस साधारण २०२० पर्यंत चालेल असे होते. स्वातंत्र्याची तारीख २४ मार्च २०१६ धरली होती. राज्यघटनेतच अण्वस्त्रबंदी घालायची. बॉम्ब गेला तरी तळ राहील, स्कॉटलंडच्या सेनादलांचे मुख्यालय तिथेच होईल. राणी राहील, पौंड राहील, आणि नाटोचे सदस्यत्वही राहील. म्हणजे काहीच न हलवता सगळे बदलायचे.

नाटो ही अण्वस्त्रांच्या छत्रीखाली उभी असलेली आघाडी आहे आणि जगात अण्वस्त्रे आहेत तोवर तशीच राहणार, असे तिने २०१० मध्ये लेखी सांगितले आहे. पक्षाचा नाटोला अनेक वर्षांचा विरोध होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये पर्थच्या अधिवेशनात तो थोडक्या मतांनी सुटला. छत्री हवी, तिची दांडी मात्र दुसऱ्याने धरावी, असा हा निर्णय होता, आणि पावसाळी देशाला तो शोभून दिसला. जॉन फिनी आणि जीन अर्कहार्ट या दोन आमदारांना यात विसंगती दिसली आणि त्यांनी पक्ष सोडला. शब्दाचा अर्थ शब्दशः घेणारी अशी माणसे सार्वजनिक जीवनात निघतात अधूनमधून. त्यांच्यामुळे पक्षाचे फारसे नुकसान झाले नाही.

श्वेतपत्रिकेतला मला सर्वांत आवडलेला भाग मित्रराष्ट्रांच्या जहाजांचा आहे. अण्वस्त्रमुक्त स्कॉटलंडच्या बंदरात नाटोचे जहाज आले तर? तर नॉर्वे आणि डेन्मार्कसारखेच करायचे: त्यावर अण्वस्त्र आहे की नाही हे जहाजाने सांगायचे नाही, आणि ते न सांगता त्याला येऊ द्यायचे. पाहुण्याला पिशवीत काय आणले असे विचारू नये, हा संस्कार आपल्याकडेही आहे. तो राष्ट्रीय संरक्षण धोरणात आणण्याचे श्रेय मात्र स्कॉटिशांचे.

लंडनने या धोरणाला धोरणाने उत्तर दिले. जुलै २०१३ मध्ये वर्तमानपत्रात आले की, स्कॉटलंड फुटलेच तर सायप्रसमधल्या ब्रिटिश तळांप्रमाणे फॅसलेनचा तुकडा ब्रिटनच्याच मालकीचा ठेवावा असा विचार संरक्षण खात्यात चालू आहे. स्वातंत्र्य द्यायचे, फक्त खाडी ठेवून घ्यायची. आयर्लंडला १९२१ च्या तहाने स्वातंत्र्य दिले तेव्हाही तीन बंदरे ठेवून घेतली होती आणि ती १९३८ मध्ये परत केली. घराण्याची रीतच आहे. पंतप्रधानांच्या कार्यालयाने ही कल्पना लगेच झटकली. मग मार्च २०१४ च्या अखेरीस लंडनच्या एका अनामिक मंत्र्याने पत्रकाराजवळ मन मोकळे केले: त्यांना आमचा पौंड हवा, आम्हाला त्यांची खाडी हवी, सौद्याचा आराखडा दिसतोच आहे. अर्थमंत्री ऑस्बर्न दीडेक महिना आधीच पौंड मुळीच देणार नाही असे गरजून चुकले होते. नैतिकतेचा प्रश्न एकीकडे, चलनाचा दुसरीकडे. आणि दोघांची गाठ पडली ती विनिमय दरावर. त्या मंत्र्याचे नाव कळते तर पुतळ्यासाठी वर्गणी काढली असती.

एप्रिल २०१४ मध्ये नाटोचे माजी सरचिटणीस लॉर्ड रॉबर्टसन वॉशिंग्टनला गेले. स्वतः स्कॉटिश. त्यांनी तिथे सांगितले की स्कॉटलंडचे स्वातंत्र्य म्हणजे जगाच्या राजकारणात प्रलय होय, आणि अंधाराच्या शक्तींना ते फार आवडेल. इतकी वर्षे अंधाराच्या शक्ती एडिंबरोच्या मतमोजणीकडे डोळे लावून बसल्या होत्या हे कोणाला माहीत होते? पन्नासएक लाख वस्तीच्या देशाला एवढे महत्त्व त्याच्या शत्रूंनीही दिले नव्हते, ते त्याच्या सुपुत्राने दिले.

नोकऱ्यांच्या आकड्यांवर मी वेळ घालवत नाही. तळावर ६,००० हून अधिक माणसे काम करतात. त्यांतल्या थेट ट्रायडेंटवर अवलंबून असलेल्या नागरी नोकऱ्या किती, असे माहिती अधिकारात विचारल्यावर संरक्षण खात्याने ५२० सांगितल्या. सभांमधून हा आकडा वक्त्याच्या आवाजानुसार चढत गेला. बॉम्ब राहिला तर नोकऱ्या राहतील असे एक बाजू म्हणे; गेला तरी राहतील असे दुसरी. नोकऱ्या जाव्यात असे कोणीच म्हणाले नाही, त्यामुळे या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे एकमत झाले असे धरायला हरकत नाही.

१८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झाले. ५५.३ टक्के नाही म्हणाले, ४४.७ टक्के हो. मग १८ जुलै २०१६ ला लंडनच्या संसदेत ४ नव्या पाणबुड्यांचा ठराव आला: ३१ अब्ज पौंड, आणि अडीअडचणीला आणखी १० अब्ज बाजूला. ठराव ४७२ विरुद्ध ११७ मतांनी मंजूर झाला. स्कॉटलंडच्या ५९ खासदारांपैकी ५८ जण विरोधात होते. एकटे हुजूर पक्षाचे मंत्री डेव्हिड मंडेल बाजूने. ज्यांच्या अंगणात ठेवायचे त्यांच्यातला एक तरी हो म्हणाला, म्हणजे संमती नव्हती असे म्हणता येणार नाही. त्या दिवशी एका स्कॉटिश खासदाराने पाचच दिवसांपूर्वी पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांना विचारले की, एक लाख निरपराध माणसे मारणाऱ्या हल्ल्याचा हुकूम तुम्ही देणार का. त्या म्हणाल्या, हो. ब्रिटिश संसदेत मंत्र्याने प्रश्नाला सरळ उत्तर दिल्याचे प्रसंग थोडे. त्यांत हा धरावा.

या सगळ्यांत मुकुटमणी शोभावे ते मजूर पक्षाचे जेरेमी कॉर्बिन. हयातभर अण्वस्त्रविरोधी, आणि नेते अशा पक्षाचे की ज्याचे अधिकृत धोरण अण्वस्त्रे ठेवायची. स्कॉटलंडमधल्या मजूर पक्षाने २०१५ च्या अधिवेशनात नेमका उलटा ठराव केलेला. कामगार संघटनांना पाणबुड्यांच्या गोदीतली कामे हवी होती, कॉर्बिन यांना बॉम्ब नको होता. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी तोडगा सुचवला: पाणबुड्या बांधाव्यात, समुद्रात पाठवाव्यात, त्यांवर बॉम्ब मात्र ठेवू नये. लोक हसले. का हसले ते मला कळलेले नाही. कोणावरही न रोखलेले, काही दिवसांच्या सूचनेशिवाय न सुटणारे आणि सुटल्यावर शेजारीच पडणारे शस्त्र चालते. त्यातला बॉम्ब तेवढा काढला तर तो मूर्खपणा? कॉर्बिन यांनी मूळ कल्पनेतली उरलीसुरली एक अडचण दूर केली होती.

तळाच्या फाटकाबाहेर १९८२ पासून शांतता छावणी आहे: रस्त्याकडेला भडक रंगवलेले जुने कॅरव्हॅन, निषेधाचे फलक, आणि त्या भागातल्या माणूसखाऊ चिलटांचे थवे. फाटकाच्या आत पाळीपाळीने पहारा, बाहेरही पाळीपाळीने. अखंडतेच्या बाबतीत दोन्ही व्यवस्था तोडीस तोड आहेत. १९९९ मध्ये तीन बायकांनी तर जवळच्या लॉख गॉइलमधल्या एका संशोधन-तराफ्यावर चढून आतली संगणकादी सामग्री खिडकीतून पाण्यात टाकली. ग्रीनॉकच्या न्यायाधीश बाईंनी त्यांना निर्दोष सोडले. वरच्या न्यायालयाला २००१ मध्ये खास निवाडा देऊन सांगावे लागले की ही पद्धत कायदेशीर नव्हे. नाहीतर स्कॉटलंडला निःशस्त्रीकरणाचा फार स्वस्त मार्ग सापडला असता.

हल्ली हा वाद थोडा थंडावला आहे. २०२४ च्या निवडणुकीत राष्ट्रवाद्यांचे ९ खासदार उरले. युक्रेनचे उदाहरण दोन्ही बाजू देतात आणि दोघींनाही ते आपलेच वाटते. वाटणीच्या कागदांवर तेल, पौंड, राष्ट्रीय कर्ज, बीबीसी असे सगळे रीतसर नोंदले गेले. प्रत्येकावर भांडणही मनापासून झाले. एडिंबरोसमोर पाण्यापलीकडे, फाइफच्या काठावर रोसाइथची गोदी आहे. तिथे निवृत्त अणुपाणबुड्या आणून बांधल्या, एकूण ७. पोलॅरिसच्या चारही त्यांतच. एकीवर तोडकाम सुरू झाले आहे. यांच्यावर हक्क सांगायला मात्र लंडनहून कोणी आले नाही आणि एडिंबरोहूनही नाही. त्यांतली सर्वांत जुनी १९८० मध्ये निवृत्त झालेली ड्रेडनॉट, ब्रिटनची पहिली अणुपाणबुडी. बॅरोच्या गोदीत सध्या ज्या नव्या पाणबुड्या बांधल्या जात आहेत, त्यांच्यातल्या पहिलीचे नावही ड्रेडनॉटच ठेवले आहे. काटकसर म्हणून असेल. पुढेमागे ती रोसाइथला आणून बांधायची झाली तर निदान पाटी नवी रंगवावी लागणार नाही.